तात्यांची कच्ची पोपटी

तात्या, वाल आला.

भात झोडून झाल्यावर रिकाम्या शेतात तुम्ही जो वाल टाकलात, तो. टाकलात आणि आठ दिवसांत गेलात. मागच्या रविवारी नितीन गावी, नेऱ्याला जाऊन आला आणि आमच्या फ्लॅटच्या दारात मूठभर शेंगा घेऊन उभा राहिला. मी एक शेंग सोलून बघितली, दाणा टच्च भरलेला. मग मला रडू आलं. तेराव्याला आलं नव्हतं. तेराव्याला मी वाढत होते, आणि माझं तुम्हाला माहीत आहे, हातात काम असलं की माझे डोळे कोरडे.

गावात सगळे म्हणत होते, यंदा पोपटी नाही. वर्ष सरल्याशिवाय आपण सणवार करत नाही, आणि तात्यांचं मडकं तात्यांशिवाय लावायचं कोणी? नितीनसुद्धा तेच म्हणाला. तुमच्या मुलाला मडकं लावता येत नाही हे तुम्हीच चारचौघांत सांगायचात, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मला मात्र ती हवी होती. कारण वेगळं होतं. मला तुमच्या मडक्यापाशी उभं राहून एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची माझी दहा वर्षं हिंमत झाली नव्हती.

लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा मला पोपटी हा फक्त रंग माहीत होता. पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही मला शेतावर नेलंत. बांधावरून भांबुर्ड्याचा पाला उपटून आणायला लावलात. त्याचा उग्र वास हाताला दोन दिवस राहिला, बँकेत शेजारच्या टेबलावरची बाई नाक मुरडत होती. तुम्ही मडक्याच्या तळाला पाला घातलात, मग वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला ठासून भरलात आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवलंत. त्यावर पेंढा, काटक्या, गोवऱ्या. काडी ओढणार, तेवढ्यात मी शहाणपणा केलाच.

"तात्या, पाणी घालायचं राहिलं."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला तिथंच मातीत जावंसं वाटलं. मग हसलात.

"पानी कनाला, बाय? शेंगंत हाय की. तिला धीर धरू दे, ती आपल्या पान्यात शिजंल."

मी स्वयंपाक शिकले तो कुकरच्या शिट्ट्या मोजत. तीन शिट्ट्या वरण, दोन भात. तुमच्याकडे मोजायला काही नव्हतंच. तुम्ही जाळासमोर उकिडवे बसायचात, अधूनमधून काडीनं राख सारायचात, वाऱ्याकडे तोंड करून डोळे बारीक करायचात आणि मग तांब्यातलं पाणी चार बोटांनी मडक्यावर शिंपडायचात. थेंब ओघळला तर अजून वेळ आहे. पडल्या पडल्या चर्र करून उडाला तर झालं. एवढंच शास्त्र. पण ते पाणी कुठं शिंपडायचं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं, त्यात काय विचारायचं?

मी एक वही केली होती, आठवते? आईंच्या वाटणापासून सगळं लिहून काढलं होतं. आई पाट्यावर ओलं खोबरं आणि मिरच्या वाटायच्या आणि कोंबडीला सकाळीच चोळून ठेवायच्या. मिक्सर मी आणून दिला तो त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. ते सगळं मापासकट लिहिलं. पोपटीच्या पानावर आले आणि विचारलं, तात्या, वेळ किती लिहू? अर्धा तास? पाऊण?

"टायम लिवू नको."

"का?"

"पेंढा ओला असला तर? वारा पडला तर? मडका जाड निगाला तर? तुजी वही बघून कोनी उघडल आन मला शिव्या घालल."

मी म्हटलं, मग पुढच्या पिढीनं शिकायचं कसं? तुम्ही म्हणालात, इथं बसून. यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे, ज्याला कागदावर उतरवता येत नाही ते तुमच्याबरोबर संपेल. तुम्ही म्हणायचात, कागदावर उतरलं की मग कोनी बसत नाय. वहीत ती जागा अजून कोरी आहे. भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात आणि मला अजून वाटतं की माझं थोडं बरोबर होतं. एवढं कबूल करायला काय हरकत होती तुम्हाला?

पण तुमचा तोरा मला आवडायचा, हे आता सांगते. पनवेलच्या बाजारात तुम्ही मडकं घ्यायला मला बरोबर न्यायचात तेव्हा मात्र लाज वाटायची. एकेक मडकं उचलून बोटाच्या पेरानं वाजवायचात, कानाशी न्यायचात, परत ठेवायचात. अर्धा तास. कुंभार कंटाळून चहा प्यायला जायचा. माझ्या बँकेतलं गिऱ्हाईक समोरून गेलं की मी दुसरीकडे बघायचे. आणि तुम्ही मोठ्यानं, "हा बोलतो बग, ऐक." मी ऐकायचे. सुरुवातीला मला सगळीच सारखी वाजायची. तिसऱ्या का चौथ्या वर्षी एका मडक्याचा आवाज बद्द आला आणि मी पटकन म्हणाले, हे नको. तिथं तुम्ही नुसतं ते परत ठेवलंत, पण घरी गेल्यावर आईंना सांगितलंत, आईंनी मला सांगितलं. तुमचं कौतुक नेहमी असं वळसा घालून यायचं.

शेजारच्या जमिनीवर फार्महाऊस झालं. त्याचा मालक तुम्हाला बोलवायला आला होता, दर शनिवारी पाहुण्यांसाठी पोपटी लावा म्हणून. त्याला बरोबर एक वाजता ताटात हवी होती. "मग एक वाजता त्यांना वरनभात वाढा," म्हणालात तुम्ही, आणि वर त्याला चहा पाजलात. नितीननं मॉलमधून ती बार्बेक्यूची शेगडी आणली तेव्हाही तसंच. आमच्या गॅलरीत धूर करून त्यानं कोंबडी भाजली, बाहेरून काळी, आतून लाल. तुम्ही मुकाट्यानं सगळी खाल्लीत. मग म्हणालात, "बरी हाय शेगडी. पन हिच्यासमोर बसून बोलता येत नाय. सारखा उलटा कराला उठाव लागता."

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. नंतर कळलं की पोपटीत माणसं का येतात. जाळ लागला की कोणाच्याच हातात काही उरत नाही. उलटायचं नाही, ढवळायचं नाही, झाकण काढून बघायचं नाही. नुसतं बसायचं. गावातली अर्धी भांडणं तुमच्या जाळाभोवती मिटली. नितीननं नोकरी बदलायची आहे हे तुम्हाला तिथंच सांगितलं, घरात सांगायला त्याला सहा महिने जमलं नव्हतं. आसपासच्या चार वाड्यांतून लोक तुम्हाला मडकं लावायला न्यायचे. "तात्यानं लावली" एवढं म्हटलं की पुढं कोणी विचारायचं नाही. तुमची सून म्हणून मला बस स्टॉपवर अनोळखी बायका ओळखायच्या. मी माहेरी जाऊन तुमच्याबद्दल इतकी फुशारकी मारायचे की माझे बाबा एकदा म्हणाले, आम्हालाही थोडं येतं हो.

आणि त्याच फुशारकीनं घात केला.

बँकेतल्या लोकांना मीच बोलावलं. नवे मॅनेजर साहेब पुण्याचे, जेवणाचे शौकीन, त्यांनी मुंबईत कुठं कुठं बार्बेक्यू खाल्लं त्याच्या गोष्टी डब्याच्या वेळी सांगायचे. मी म्हटलं, साहेब, आमच्या तात्यांची पोपटी खा, मग बोला. रविवार ठरला. तुम्ही पहाटेपासून कामाला लागलात. बाकीची शाखा वेळेवर आली, साहेब सुट्टीला पुण्याला गेले होते तिथून परस्पर येणार होते, ते पळस्पे फाट्यावर अडकले. दीड वाजता पोचले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता आणि बरोबरच्या मुलानं भूक भूक लावली होती. मडकं तेव्हा कुठं जाळात गेलं. साहेब येईपर्यंत तुम्ही काडी लावायला तयार नव्हता, पाहुणा यायच्या आधी शिजलेली पोपटी म्हणजे तुमच्या मते शिळी.

थोड्या वेळानं तुम्ही बाळारामकाकांना घेऊन केळीची पानं आणायला वाडीकडे गेलात. बाळारामकाका म्हणजे तुमचे लहानपणापासूनचे सोबती, मडक्यावरचा पेंढा नेहमी तेच रचायचे. जाताना मला म्हणालात, "मी येईपरत हात लावू नको, बाय."

साहेबांनी विचारलं, "मॅडम, अजून किती?" दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. मुलगा रडायला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घड्याळ बघितलं, पस्तीस मिनिटं झाली होती, वहीत मी मनातल्या मनात तेवढीच लिहिली होती. तांब्या घेतला, माझ्यासमोरच्या बाजूला पाणी शिंपडलं. चर्र झालं. मला दुसरं काय हवं होतं? राख सारली, ओलं गोणपाट गुंडाळून मडकं सुलटं केलं, पाल्याचा बोळा ओढला. वाफ भस्सकन बाहेर आली, सगळ्यांनी वा वा केलं. परातीत ओतलं. एका बाजूच्या शेंगा मऊ, दुसऱ्या बाजूच्या हिरव्यागार, टणक. केळीचं पान सोडलं तर कोंबडी गुलाबी. वाफ गेली ती गेली, परत कोंडता येत नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात, दोन्ही हातांत पानं. तुम्ही परातीकडे बघितलं नाहीत, माझ्याकडे बघितलंत. मी काही बोलायच्या आत साहेबांना म्हणालात, "सायब, माफ करा. चूक माजी. जाताना हिला मीच बोललो, अर्ध्या तासान काढ. अंदाज चुकला. म्हातारपन, दुसरं काय."

तुम्ही साठीचेही नव्हता. चाळीस वर्षांत तुमचा अंदाज चुकला नव्हता आणि चुकला असता तर तुम्ही मान्य केलं नसतं, हे गाव जाणत होतं. आईंनी शेंगा पातेल्यात उकडल्या, कोंबडीचा रस्सा केला, भाकऱ्या थापल्या. साडेतीनला पंगत बसली. साहेबांनी रश्श्याची इतकी तारीफ केली की पुढं महिनाभर शाखेत तोच विषय. मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

त्या दिवसापासून तुमच्या नावाला ते चिकटलं. तात्यांची कच्ची पोपटी. दर हिवाळ्यात मडकं जाळात गेलं की बाळारामकाका सुरू व्हायचे, "तात्या, नीट बघ रे, कच्ची नको." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. "एकदा चुकली तर काय फाशी देता का?" आणि मी राख सारत बसायचे, मान खाली घालून. ज्या माणसाची अख्ख्या पंचक्रोशीत एकच मिरवायची गोष्ट होती, ती त्यानं माझ्यापायी मातीत घातली होती. आणि मी, जी बँकेत एका चुकीच्या सहीवरून कोणाशीही भांडते, ती मी तोंड उघडत नव्हते.

एकदा प्रयत्न केला. तुम्हाला स्कूटरवर मागे बसवून पनवेलला आणत होते. म्हटलं, तात्या, त्या दिवशी मडकं... तुम्ही म्हणालात, "गाडी बघ. खड्डा हाय." खड्डा नव्हता. मला माहीत आहे तो रस्ता.

मागच्या वर्षी, आपल्या शेवटच्या पोपटीला, तुम्ही तांब्या माझ्या हातात दिलात. बायका मडक्याला हात लावत नाहीत असं कोणीतरी पुटपुटलं. तुम्ही ऐकलं नाहीत की ऐकून सोडून दिलंत, कोण जाणे. मी विचारलं, "कुठल्या बाजूला?" तुम्ही काडीनं राख सारत राहिलात. मी उभी राहिले. वारा गालाला लागत होता, जाळ पलीकडे झुकत होता. मग मला ती परात आठवली, अर्धी मऊ, अर्धी हिरवी. जिकडून वारा येतो ती बाजू मागं राहते, एवढं साधं होतं ते. मी वळसा घालून वाऱ्याच्या बाजूला गेले आणि तिथं पाणी मारलं. तुम्ही "हां" म्हणालात. एवढंच. इतक्या वर्षांत तुम्ही मला दिलेलं ते एकमेव सर्टिफिकेट, आणि मी ते छातीवर लावून फिरते आहे.

तर यंदा. नितीननं शेंगा आणल्या, गावानं नाही म्हटलं. निकाल आईंनी लावला. कपाळ मोकळं झाल्यापासून त्या फारशा बोलत नाहीत, पण परवा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाल त्यांनी टाकलाय. जून करून ढोरांना घालाचा का? तू लाव." आणि पाट्यावर वाटायला बसल्या.

मडकं मी आणलं, अर्धा तास वाजवून. पाला मी उपटला. काल संध्याकाळी पाच वाजता काडी लावली. बोलावलं कोणालाच नव्हतं, पण धूर दिसला तसे लोक येत गेले, बांधावरून एकेक. कोणी पेंढा आणला, कोणी रताळी. तुमची जागा मोकळी सोडून बसले. कच्ची नको, असं कोणी म्हटलं नाही. चिडवायला माणूस नव्हता ना.

मी उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही सगळे तात्यांना कच्ची पोपटी म्हणून चिडवायचात. ते मडकं तात्यांनी उघडलं नव्हतं. अर्ध्या तासानं काढ असं मला सांगूनही गेले नव्हते. हात लावू नको म्हणाले होते. मी उघडलं. साहेबांसमोर माझी शान राहावी म्हणून. त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी दहा वर्षं घेऊ दिली."

कोणी दचकलं नाही. बाळारामकाका काडीनं राख उकरत होते.

"आमाला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"मी व्हतो ना त्याच्या संगती. केलीची पाना घेऊन बांधावर पोचलो तवा तू राख सारत व्हतीस. मी वरडनार व्हतो. त्यानं माजा हात धरला. म्हनाला, गप र बाल्या. पोरगी सायबासमोर उभी हाय." काकांनी काडी जाळात टाकली. "त्याला ठाव व्हता, शेंग कच्ची निगनार. उभा राहून बघत राहिला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं चिडवत का होतात?

"त्यानंच सांगितला व्हता. चिडवला नाय तर हिला वाटल, सगल्यांना कललाय."

तात्या, तुम्ही बांधावर उभे होता. एक हाक मारली असती तर पोपटी वाचली असती, तुमचं नाव वाचलं असतं. तुम्ही हाक मारली नाहीत. मी काल तिथंच, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून रडले, आणि इतकी रडले तरी मला वाईट वाटत नव्हतं. असा माणूस माझा सासरा होता, हे मला तिथं बसलेल्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यांना ते आधीच माहीत होतं, हा भाग वेगळा.

कोणीतरी म्हणालं, झाली असंल आता. मी डोळे पुसले, तांब्या घेतला आणि वाऱ्याच्या बाजूला गेले. थेंब ओघळला. म्हटलं, थांबा. सगळे थांबले. नितीननं आणखी दोन गोवऱ्या लावल्या. सूर्य डोंगराआड जायच्या बेताला होता. पुन्हा पाणी मारलं. चर्र.

मडकं सुलटं केलं, बोळा काढला, केळीच्या पानावर ओतलं. पहिली शेंग बाळारामकाकांनी उचलली. सोलली, दाणा दोन बोटांत दाबला, तो लोण्यासारखा दबला, माझ्या डोळ्यांनी बघितलं. तोंडात टाकला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आईसुद्धा.

"कच्ची हाय," काका म्हणाले आणि दुसऱ्या शेंगेला हात घातला.

"एकदा चुकली तर काय फाशी देता का?" मी म्हणाले.